वरचा बोल्ट पिळणाऱ्यांनो

"टाईट केलंय, बिनधास्त चालवा." या वाक्यावर माझा जुना राग आहे.

भाच्याला सायकलचं हँडल जरा खाली हवं होतं. दुकानात पाच मिनिटांत काम झालं. दुसऱ्या दिवसापासून पुढचा ब्रेक दाबला की खटखट! परत नेली, तर वरचा बोल्ट अजून पिळून मिळाला. खटखट कायम. तिसऱ्या खेपेला सायकल माझ्याकडे आली.

झालं होतं असं. स्टेम खाली घेताना त्याच्याखालची 5 मिमीची स्पेसरची चकती काढली आणि टाकली डब्यात. अरे बाबा, ती स्टेमच्या वर घालायची असते! चिमट्याची नळी वरच्या काठापेक्षा साधारण 3 मिमी खाली राहिली, तरच टॉप कॅप स्टेमला दाबते आणि हेडसेटमधली (कानाला लावायचा नव्हे) ढिलाई निघते. इथे नळीच 2 मिमी वर आलेली, कॅप नळीवर टेकलेली. पिळा आता जन्मभर.

जुन्या काळ्या सायकलला वरचा मोठा नट पान्याने आवळला की खरंच भागायचं. हाताला तीच सवय. पण 1990 च्या दशकात पसरलेल्या या बिनआट्याच्या नळीच्या सायकलींत वरचा बोल्ट काहीही धरून ठेवत नाही हो! तो फक्त ढिलाई काढतो. धरतात ते स्टेमच्या बाजूचे दोन बोल्ट. ते आवळलेले ठेवून वरचा पिळणं म्हणजे कडी न काढता दार ढकलणं.

आधी बाजूचे सैल करा. मग वरचा थोडाथोडा फिरवा, पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा आणि हेडसेटच्या फटीवर बोट ठेवून बघा. हलणं थांबलं की बस्स. पुढचं चाक उचलल्यावर हँडल सहज वळलं पाहिजे. अडखळलं तर जास्त पिळलंत. शेवटी हँडल चाकाशी सरळ करून बाजूचे बोल्ट आळीपाळीने आवळा, स्टेमवर छापलेल्या आकड्याइतकेच. बहुतेकदा 5-6 न्यूटन-मीटर असतो. दहा मिनिटांचं काम.

पण दुकानदाराला एकट्याला का बोला? "भाऊ, जरा टाईट करून द्या" असं आपणच सांगतो ना? ताई, रागावू नकोस, पण "वाजतेय तर वाजू दे, चालतेय ना" हे तूच म्हणालीस. तुझा मुलगा दर रविवारी त्या सायकलवरून सिंहगड उतरतो गं!

असो. माझ्याकडची 5 मिमीची एक चकती स्टेमवर चढवली. खटखट गेली. दुकानाच्या त्या डब्यात अजून किती जणांच्या चकत्या पडल्या आहेत, देव जाणे.