वळणाची खूण आणि वळण

दुकानातील काम आटोपल्यावर मोबाइलवर शेअरचे आलेख पाहणारी तरुण मंडळी आता अनेक घरांत आढळतात. ‘भाव येथून वळणार’ असे सुचविणाऱ्या खुणांचा अर्थ म्हणूनच नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

कँडलस्टिक आलेखाचे मूळ जपानमधील तांदळाच्या व्यापारात सांगितले जाते. दिवसाचा पहिला, शेवटचा, सर्वांत वरचा व सर्वांत खालचा असे चारही भाव त्यात एका आकृतीत दिसतात. त्यांपैकी ‘हॅमर’ पाहू. काही दिवस घसरणारा एखादा शेअर ४१२ रुपयांना उघडला, ३९६ पर्यंत उतरला, ४१६ पर्यंत चढला आणि ४१५ ला बंद झाला. अंग छोटे, खालची दांडी त्याच्या दुपटीहून लांब. अर्थ इतकाच, की विक्रीचा जोर होता. परंतु खालच्या भावात घेणारे पुढे आले. हीच आकृती तेजीनंतर दिसली, तर ती ‘हँगिंग मॅन’ ठरते व मंदीची शंका सुचविते. आकृतीचा अर्थ असा मागील चालीवरून ठरतो.

गिऱ्हाइकाने भाव विचारला म्हणून आपण माल बांधत नाही, बयाणा घेतो. येथे बयाणा म्हणजे दुसऱ्या दिवशी ४१६ च्या वर बंद होणारा भाव, तोही वाढलेल्या उलाढालीसह.

मग खरेदी ४१८ ला व स्टॉप लॉस ३९५ ला धरल्यास प्रतिशेअर जोखीम २३ रुपये. दोन लाखांच्या भांडवलावर एका सौद्यात एक टक्का, म्हणजे २,००० रुपये गमावण्याची तयारी असेल, तर ८६ शेअरच घ्यावेत. भाव एकदम खाली उघडल्यास तोटा याहूनही वाढू शकतो, हे ध्यानी ठेवावे.

सेबीने जुलै २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२२-२३ या आर्थिक वर्षात शेअरच्या रोख बाजारात एकाच दिवसात खरेदी-विक्री करणाऱ्या दर १० व्यक्तींपैकी ७ तोट्यात होत्या.

म्हणून या व्यवहाराचे बँक खाते स्वतंत्र असावे. घाऊक व्यापाऱ्याच्या देण्याला तारीख असते; आलेखावरील वळणाला नसते. दुकानाचे खेळते भांडवल त्यात घालू नये आणि दरमहा नफा-तोट्याचा हिशेब घरातील वडीलधाऱ्यांपुढे ठेवावा.