पिशव्या सांभाळणारी आजी

खोपोलीजवळचे इमॅजिका २०१३ साली उघडले. यंदा आम्ही हडपसरहून सहकुटुंब गेलो. नायट्रो नावाच्या रोलर कोस्टरपाशी सूनबाई म्हणाली, "आई, तुम्ही पिशव्या सांभाळा."

का म्हणून? हृदयविकार असणाऱ्यांनी बसू नये, हे मान्य. पण पांढरे केस हा काही रोग नव्हे! आमच्या हडपसरावरून माउलींची पालखी जाते, तेव्हा साठी उलटलेल्या बायका डोईवर तुळस घेऊन दिवेघाट चढतात. त्यांना कोणी बाकावर बसवीत नाही. भक्तीला चालणारे वय मौजेलाच का आडवे यावे?

मी बसले. साखळी गाडीला उंचावर ओढून नेते. पुढची सारी धाव उताराच्या जोरावर. आमचा चढ चढून झाला आहे. आता उताराची मजा आमची आम्हांला घेऊ द्या! पिशव्या चिरंजीवांनी धराव्यात.