पडद्याकडे पाठ फिरवून काय साधणार?

आपल्या समाजात व्हिडिओबद्दल दोनच मते ऐकू येतात. एक म्हणते, पडदा म्हणजे फितना, घरात येऊच देऊ नका. दुसरे म्हणते, करमणुकीचा डबा तो, एवढे मनावर काय घ्यायचे? दोन्ही मतांच्या लोकांच्या खिशात मोबाईल असतो आणि दोघेही रात्री उशिरापर्यंत रील्स पाहतात. तस्वीर हराम म्हणणाऱ्यांच्या घरच्या निकाहावर ड्रोन फिरताना आपण पाहिला आहे. शरीअतचा मसला उलेमांनी सोडवावा. मी शिक्षक आहे, माझा प्रश्न साधा आहे. जे आपण तासन्‌तास पाहतो, ते वाचायला आपण कधी शिकणार?

काही कलावंतांनी हा प्रश्न फार आधी विचारला. १९६३ साली जर्मनीतल्या वुपरटाल शहरात नाम जून पाईक या कोरियन कलावंताने टीव्ही संचांची आतली जोडणी बदलून प्रदर्शन मांडले. पुढे १९६५ मध्ये त्याने टीव्हीवर मोठे लोहचुंबक ठेवले आणि पडद्यावरची प्रतिमा वाकडी झाली. पोरखेळ वाटेल, पण त्यात मोठी गोष्ट आहे. पडद्यावरचे चित्र आभाळातून पडत नाही, ते कोणीतरी घडवते. १९७३ मध्ये रिचर्ड सेरा आणि कार्लोटा फे स्कूलमन यांनी सात मिनिटांची एक फीत केली. तिच्यात निव्वळ सरकणारी अक्षरे आणि मंद संगीत. सांगणे एवढेच की, टीव्ही तुम्हाला कार्यक्रम विकत नाही, तो तुम्हालाच जाहिरातदारांना विकतो. पन्नास वर्षांनंतर हे मोबाईललाही तंतोतंत लागू पडते.

आता ब्राझील पाहा. तिथे १९६४ पासून १९८५ पर्यंत लष्करी राजवट होती. ग्लोबो ही वाहिनी १९६५ मध्ये सुरू झाली आणि त्याच राजवटीत देशभर पसरली. अशा देशात, राजवट असतानाच, १९८३ साली साओ पावलोत व्हिडिओब्राझील हा महोत्सव सुरू झाला. टीव्हीबाहेरच्या तरुणांनी केलेल्या फिती लोकांसमोर येऊ लागल्या. नव्वदच्या दशकात महोत्सवाने लॅटिन अमेरिका, आफ्रिका, आशिया आणि अरब जगातल्या कलावंतांकडे मुद्दाम लक्ष वळवले. ज्यांच्यावर इतर लोक कॅमेरा रोखतात, त्यांच्या हाती कॅमेरा असावा, हा त्यामागचा विचार मला मोलाचा वाटतो. त्या दिवसांत आपण काय करत होतो? व्हीसीआर भाड्याने आणून रात्रभर सिनेमे बघत होतो. सिनेमे बघण्यात गैर काही नाही. पण त्यानंतर चाळीस वर्षे आपण फक्त बघतच राहिलो.

त्याची किंमत मुले मोजतात. एकदा मी आठवीच्या वर्गात टीव्हीवरच्या बातमीची दोन मिनिटांची फीत आवाज बंद करून दाखवली. नमाजची सफ, अरुंद गल्ली, टोप्या, बुरखे, पुन्हा सफ. विचारले, बातमी कशाची असेल? बहुतेक मुले म्हणाली, “सर, दंगल झाली असेल.” बातमी शिष्यवृत्तीची होती. वर्गातली मुले मुसलमान, पडद्यावरची माणसेही मुसलमान, तरी त्यांना दंगलच आठवली. ही शिकवण त्यांना कोणी दिली? घराने नाही, शाळेने नाही. वर्षानुवर्षे तीच साठवणीतली दृश्ये दाखवणाऱ्या पडद्याने दिली. टीव्ही घरात आणू नका म्हटल्याने हे पुसले जाणार आहे का?

काही पुरोगामी मित्र म्हणतात, व्हिडिओ महोत्सव हे शहरी श्रीमंतांचे चोचले आहेत. यात थोडे तथ्य आहे. पांढऱ्या भिंती, इंग्रजी पाट्या, आत शिरायलाच माणूस बिचकतो. पण माध्यम श्रीमंतांचे नाही. मोना हातूम ही बैरूतमध्ये जन्मलेली पॅलेस्टिनी. १९७५ मध्ये ती लंडनमध्ये असताना लेबनॉनमध्ये यादवी पेटली आणि ती तिथेच अडकली. १९८८ च्या फितीत तिने आईच्या छायाचित्रांवर आईच्याच पत्रांतली अरबी अक्षरे पसरली. ताटातुटीचे दुःख सांगायला तिला ना तोफा दाखवाव्या लागल्या, ना प्रेते. आपल्या मुंबईच्या नलिनी मलानी कराचीत जन्मल्या, फाळणीत त्यांचे घर सुटले. पोखरणच्या अणुचाचण्यांनंतर १९९८ मध्ये त्यांनी मंटोच्या टोबा टेकसिंगची आठवण जागवणारी व्हिडिओ मांडणी केली. उर्दू अदबचा वारसा सांगणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना ती ठाऊक आहे?

जलशांवर आणि मंडपांवर खर्च करणाऱ्या अंजुमनांनी, शिक्षणसंस्थांनी एवढे तरी करावे. आठवड्यातून एक तास मुलांना पडदा वाचायला शिकवा. कॅमेरा कुठे ठेवला, काय वगळले, संगीत कशाला घातले, हे विचारायची सवय लावा. मग त्यांच्याच मोबाईलवर त्यांना चित्रण करू द्या. दादीची दखनी बोली, जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या आपल्या बायका, यंत्रमागावरचा अब्बांचा दिवस. खाली मराठी अक्षरे द्या, म्हणजे शेजारच्या घरालाही कळेल. कोणत्याही महोत्सवात ती फीत गेली नाही तरी चालेल. ती मोहल्ल्यात दाखवा, पंचायतीच्या सभागृहात दाखवा.

आपले चित्र चुकीचे रंगवले जाते, ही तक्रार खरी आहे. पण हातात ब्रश असताना नुसती तक्रार करत बसणे, हा आता आळस ठरेल.