लक्षद्वीप: कोच्चीतले ते सात दिवस का काढून टाकले?

2021 मध्ये लक्षद्वीपबद्दल आपण सगळ्यांनी खूप वाचलं. गोमांसबंदीचा मसुदा, पंचायत निवडणुकीसाठी दोन अपत्यांची अट, गुंडा कायदा, जमिनींचं प्राधिकरण. हे विषय गंभीर आहेतच. पण या गदारोळात एक साधा प्रश्न मागे पडला. वर्षभर ज्या बेटांवर कोरोनाचा एकही रुग्ण नव्हता, तिथे मे 2021 अखेरीस सात हजारांवर रुग्ण कसे झाले?

2011 च्या जनगणनेनुसार लक्षद्वीपची लोकसंख्या 64,473. म्हणजे दर दहा माणसांत एकाहून जास्त बाधित. वस्ती असलेली बेटं दहा, एकूण जमीन जेमतेम 32 चौरस किलोमीटर. चौरस किलोमीटरमागे दोन हजारांवर माणसं राहतात, तिथे सुरक्षित अंतर ठेवायचं तरी कुठे? अवघड पेशंटला हेलिकॉप्टरने कोच्चीला न्यावं लागतं. म्हणून अशा ठिकाणी आजार दारातच अडवायला हवा.

आणि दार एकच होतं. भारतातला पहिला रुग्ण 30 जानेवारी 2020 ला शेजारच्या केरळातच सापडला. लक्षद्वीपला तांदूळ, भाजी, औषधं, सगळं तिकडूनच जहाजाने येतं. तरीही वर्षभर बेटं कोरी राहिली, कारण नियम कडक होता: आधी कोच्चीत सात दिवस विलगीकरण, मग टेस्ट, मग जहाज, आणि बेटावर उतरल्यावर पुन्हा काही दिवस घरातच. लोकांना त्रास झाला नसेल असं नाही. उपचारासाठी, शिक्षणासाठी ये-जा करणाऱ्यांचे हाल झालेच. पण त्याच्या बदल्यात तिथे लग्नं लागत होती आणि 2020 मध्येच शाळा भरू लागल्या होत्या. आमचे विद्यार्थी तेव्हा घरात एका मोबाईलसाठी भावंडांशी भांडत होते.

प्रशासक दिनेश्वर शर्मांचं डिसेंबर 2020 मध्ये निधन झालं आणि प्रफुल्ल खोडा पटेल यांच्याकडे कारभार आला. त्याच महिन्याच्या अखेरीस नियम बदलला. कोच्चीतले सात दिवस गेले. 48 तासांतला आरटी-पीसीआर निगेटिव्ह रिपोर्ट दाखवा आणि जहाजात बसा. लोकांनी विरोध केला, तो ऐकला गेला नाही. 18 जानेवारी 2021 ला कवरत्तीत पहिला रुग्ण सापडला. तो कोच्चीहून आलेला एक जवान होता.

इथे विज्ञान समजून घ्यायला हवं. लागण झाल्यावर पहिले एक-दोन दिवस टेस्ट बऱ्याचदा निगेटिव्हच येते. लक्षणं दिसायला साधारण पाच दिवस, कधी चौदा दिवसही लागतात. म्हणजे रिपोर्ट खरा असूनही माणूस आजार घेऊन उतरू शकतो. सात दिवस थांबवून मग टेस्ट करण्यामागचं कारण हेच होतं.

प्रशासनाने तेव्हा सांगितलं की अर्थव्यवस्था सुरू करणं भाग होतं, नवा विषाणू जास्त वेगाने पसरतो, आणि रमजानमध्ये लोक एकत्र आले. रमजानमध्ये गर्दी झाली असेल, तर तेही मान्य करू. केरळातली एप्रिलची लाटही मोठी होती. पण 2021 मध्ये रमजान एप्रिलच्या मध्याला सुरू झाला आणि विषाणू जानेवारीतच उतरला होता. मार्च 2020 नंतर तबलीगींना जसं बळीचा बकरा केलं, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला ऑगस्टमध्ये ते गुन्हे रद्द करावे लागले, ते आठवलं की ‘रमजान’ हा शब्द ऐकताना कान टवकारतातच.

1918 च्या फ्लूमध्ये असंच घडलं होतं. ऑकलंडहून आलेलं ‘टालून’ जहाज न्यूझीलंडच्या अधिकाऱ्यांनी पश्चिम सामोआत लागू दिलं. तिथली पाचव्या हिश्शाहून अधिक माणसं गेली, सुमारे साडेआठ हजार. जवळच्याच अमेरिकन सामोआत गव्हर्नरने कडक विलगीकरण लावलं, तिथे एकही मृत्यू झाला नाही. समुद्र तोच, लोकही तेच, फरक फक्त बंदरावरच्या नियमाचा.

म्हणून मसुद्यांविरुद्ध सह्या गोळा करणाऱ्या संघटनांनी आणखी एक मागणी जोडावी: डिसेंबरमधल्या त्या निर्णयाची फाईल खुली करा. विलगीकरण काढा असा सल्ला कोणत्या डॉक्टरने दिला होता, की कोणाला विचारलंच नव्हतं, हे बेटावरच्या माणसाला वाचायला मिळू द्या.