गोळी शेजाऱ्याची नको, आपली हवी

मुर्रीहून गोंदिया शहर जवळ, त्यामुळे औषधाचे दुकान हाताशी असते. पण ‘शेजारच्या काकूंना लागू पडली’ म्हणून मधुमेहाची तीच गोळी आपणही आणायची, ही सवय आपल्या वस्त्यांनी सोडलीच पाहिजे. गोळी ठरते ती माणसाचे काम, जेवण, किडनी आणि रक्त पाहून.

बहुतेकांना पहिली गोळी मेटफॉर्मिनच. ती जुनी व स्वस्त आहे, आणि एकटी घेतली तर साखर सहसा एकदम खाली जात नाही. जेवणासोबत, कमी मात्रेपासून सुरू केली की पोटाचा त्रास बहुधा निवळतो. मात्र किडनीची तपासणी आधी हवी.

ग्लिमेपिराइडही स्वस्त, पण ती घेऊन जेवण चुकले तर साखर धोक्याइतकी उतरते. घाम सुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा वेळी लगेच साखरपाणी घ्यावे. उपाशीपोटी रोवणीला निघणारी बाई, राईस मिलमधला हमाल, पौर्णिमेला उपोसथ धरून दुपारनंतर न जेवणारे आजोबा, यांनी आपला दिवस कसा जातो ते डॉक्टरांना आधीच सांगावे. उपोसथ जरूर धरा, पण त्या दिवशीची मात्रा विचारून.

नव्या गोळ्या श्रीमंतांच्याच, असेही आता राहिले नाही. डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट २०२० मध्ये आणि सिटाग्लिप्टिनचे २०२२ मध्ये संपले, तेव्हापासून त्यांचे भाव बरेच उतरले. जनऔषधी केंद्रात विचारा. डापाग्लिफ्लोझिन लघवीवाटे साखर बाहेर टाकते. म्हणून उन्हात राबणाऱ्यांनी पाणी भरपूर प्यावे आणि उलट्या-जुलाब झाल्यास डॉक्टरांना विचारून ती थांबवावी.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे फार विसरली जाते. पूर्व विदर्भात आपल्या समाजात सिकलसेल बऱ्याच घरांत आहे. त्यात तांबड्या पेशी लवकर मरतात, त्यामुळे तीन महिन्यांच्या साखरेचा, म्हणजे एचबीएवनसीचा, आकडा खोटा कमी दिसू शकतो. वाहकांचाही आकडा काही यंत्रांवर चुकतो. त्या आकड्यावर गोळी कमी केली तर नुकसान आपलेच. म्हणून सिकलसेलचे कार्ड दाखवा आणि उपाशीपोटीची व जेवणानंतरची साखरही तपासून घ्या.

बाबासाहेबांनाही मधुमेहाने छळले. त्यांनी आपल्याला प्रश्न विचारायला शिकवले; दवाखान्यातही विचारा, ‘हीच गोळी मला का?’ उत्तर मिळेपर्यंत खुर्ची सोडू नका.