नकाराचे वाचन

फुलसावंगीसारख्या गावातला डायलिसिसवरचा माणूस मूत्रपिंड प्रत्यारोपण नाकारतो, तेव्हा आपण त्याला चटकन अडाणी ठरवतो. आम्हांस हे वाचन उथळ वाटते. जिवंत दात्यासाठी १९९४चा कायदा मुख्यतः जवळच्या नातलगांकडेच बोट दाखवतो. आणि आपल्या देशात अशा देणाऱ्यांत बायका अधिक, घेणाऱ्यांत पुरुष. कापूस वेचणाऱ्या बायकोच्या कुशीवर व्रण नको, असे म्हणणाऱ्याला हिशेब पुरता कळलेला असतो. शस्त्रक्रियेनंतरही प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या सुटत नाहीत, शहराच्या खेपाही नाहीत. (प्रत्यारोपणाने आयुष्य सहसा वाढते, हे आम्हांस मान्यच आहे.) आम्हांस खटकतो तो 'दान' हा शब्द. दान देणारा देऊन निघून जातो. इथे देणारी रोज समोर असते. तिने नुसते 'पाठ दुखते' म्हटले, तरी घेणाऱ्याची मान खाली जाते.