सकाळची 'टक् टक्'

पुण्यात थंडी पडली ही बातमी पेपरात यायच्या आधी आमच्या सोसायटीच्या पार्किंगला कळते. सकाळी सातच्या सुमाराला खाली उतरा. एका कोपऱ्यातून 'कुर्र... कुर्र...' असा दमेकऱ्यासारखा सेल्फ ऐकू येतो. दुसऱ्या कोपऱ्यात कुणीतरी जॅकेट काढून किकवर किक मारत असतो (दहा डिग्रीत घाम गाळणं फक्त टू व्हीलरवालाच करू जाणे). आणि ज्यांच्या गाडीला किकच नाही, ते बिचारे बटणावर अंगठा ठेवून उभे. त्यांच्या गाडीतून एवढंच येतं - 'टक् टक्'.

मागच्या डिसेंबरात त्या तिसऱ्या गटात मी होतो. ताईला सव्वासातची डेक्कन क्वीन पकडायची होती. मुंबईत अकराला इंटरव्ह्यू. आदल्या रात्री मोठ्या रुबाबात मी म्हणालो होतो, "रिक्षा कशाला? मी सोडतो ना." साडेसहाला बटण दाबलं. टक् टक्. मीटर कन्सोलचे दिवे मंद झाले, पुन्हा उजळले, पुन्हा मंद. रस्त्यावर येऊन धक्का मारून झाला, वॉचमनकाकांनी मारून पाहिला. काही नाही. रिक्षा मिळेपर्यंत सात वाजले आणि आम्ही स्टेशनात शिरलो तेव्हा गाडी सुटली होती. ताई बसने दादरला गेली, साडेअकरा वाजून गेल्यावर पोचली. तोवर तिचा नंबर गेला होता. रात्री परत आल्यावर ती मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

त्याच दिवशी संध्याकाळी मी तावातावाने नवी बॅटरी टाकली. १८०० रुपये. जुनी एक्स्चेंजमध्ये देऊन मोकळा झालो. विषय संपला!

तीन आठवड्यांनी जानेवारीत, नव्याकोऱ्या बॅटरीवर, पुन्हा - टक् टक्.

थंडी नेमकं काय करते?

आपल्या बहुतेक गाड्यांमध्ये लेड-ॲसिड बॅटरी असते. शिशाच्या प्लेट्स, पातळ केलेलं सल्फ्युरिक ॲसिड आणि त्यांच्यातली रासायनिक देवाणघेवाण. थंडीत ही देवाणघेवाण मंदावते. २५ डिग्रीला जी बॅटरी शंभर टक्के देते, ती शून्य डिग्रीला साधारण ८० टक्केच देते. आपल्याकडे पारा शून्याला जात नाही, पण पाषाण, एनडीए किंवा निफाडकडे पहाटे दहाच्या खाली जातो, तेव्हा थोडी घट होतेच.

दुसरीकडे इंजिन ऑइल थंडीत घट्ट होतं. म्हणजे सेल्फच्या मोटरला इंजिन फिरवायला जास्त करंट हवा, आणि नेमकी तेव्हाच बॅटरी हात आखडता घेते. नोकरी गेली त्याच महिन्यात घरमालकाने भाडं वाढवावं, तसं.

तिसरी गोष्ट आपल्या लक्षातच येत नाही. थंड बॅटरी करंट देते कमी, आणि चार्जिंग घेतेही कमी. तिला भरायला किंचित जास्त व्होल्टेज लागतं आणि जास्त वेळ. आणि वेळ तर आपल्याकडे नसतोच.

जमा-खर्च

आता तुमचं रोजचं रुटीन बघा. कोथरूडहून डेक्कन, चार-पाच किलोमीटर. त्यात सात सिग्नल. सिग्नलला इंजिन आयडलिंगवर, तेव्हा चार्जिंग जेमतेम. हेडलाइट मात्र चालू. एप्रिल २०१७ पासून आपल्याकडच्या नव्या टू व्हीलर्सचा हेडलाइट इंजिनाबरोबर आपोआप लागतो, बंद करायचं बटणच नाही. शिवाय ब्रेक लाइट, इंडिकेटर, हॅन्डलवरचा मोबाइल चार्जर, हौसेने लावलेले फॉग लॅम्प. सकाळी सेल्फने जे काढलं, ते एवढ्याशा प्रवासात पुरतं भरून निघत नाही. रोज थोडी तूट. वर आठवड्यातून दोन-तीन दिवस वर्क फ्रॉम होम, म्हणजे गाडी जागेवर. सिक्युरिटी अलार्म आणि जीपीएस ट्रॅकर तेव्हाही थेंब-थेंब पीत असतात.

आणि टाकी किती छोटी ते पाहा. साध्या १००-१२५ सीसी गाडीच्या बॅटरीची क्षमता ३ ते ५ अँपिअर-अवर, ३५० सीसीच्या गाडीची ८ च्या आसपास. ३५ वॉटचा एक बल्ब सुमारे ३ अँपिअर खातो. इंजिन बंद ठेवून नुसता तो चालू राहिला, तर ५ अँपिअर-अवरची बॅटरी दीड तासात कोरडी.

त्यात बॅटरीचं खरं आयुष्य खातो तो एप्रिल-मेचा उन्हाळा. उष्णतेने प्लेट्स लवकर झिजतात, पाणी उडतं. अर्धवट चार्ज राहिलेल्या बॅटरीच्या प्लेट्सवर सल्फेटचा कडक थर बसतो तो वेगळाच. हे सगळं आतल्या आत चालतं आणि ऑक्टोबरपर्यंत खपून जातं. डिसेंबरात मात्र उघडं पडतं. म्हणून म्हणतो, थंडी चोर नाही. ती फक्त पासबुक भरून हातात देते.

तीन आकडे

माझ्या पासबुकात काय गडबड होती, ते शोधलं आमच्या गॅरेजवाल्या काकांनी. मी तणतणत गेलो, "काका, बॅटरी डुप्लिकेट दिली मला!" त्यांनी शांतपणे ड्रॉवरमधून मल्टिमीटर काढला. "बॅटरी बदलायच्या आधी हा लावला होतास का रे?" मी गप्प. तीन-चारशे रुपयांना मिळणारं खेळणं. ते न लावता मी १८०० रुपये खर्चून बसलो होतो.

काकांनी दाखवलेले तीन आकडे तुम्हीही घरी घेऊ शकता. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवायचा, लाल वायर प्लसला, काळी मायनसला.

पहिला आकडा: रात्रभर गाडी उभी राहिल्यावर, सकाळी चावी न लावता. १२.६ किंवा वर असेल तर टाकी फुल. १२.४ म्हणजे पाऊण. १२.२ च्या खाली असेल तर चार्जिंगला लावा. १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. आणि चार्ज करूनही १०.५ च्या आसपासच अडकत असेल, तर बॅटरीतल्या सहा घरांपैकी एक गेलं (प्रत्येक घर साधारण २.१ व्होल्टचं). मग मात्र नवीनच घ्या.

दुसरा आकडा: सेल्फ मारताना. १० च्या आसपास किंवा वर टिकला तर ठीक. आधी १२.६ दाखवणारी बॅटरी सेल्फ दाबताच ८-९ वर कोसळली, तर टर्मिनल ढिलं आहे का ते बघा. ते घट्ट असेल तर बॅटरी म्हातारी झाली.

तिसरा आकडा सगळ्यात महत्त्वाचा: इंजिन चालू, हेडलाइट चालू, आरपीएम ४००० ते ५०००. आता मीटरने १३.५ ते १४.५ च्या दरम्यान दाखवायला हवं. रेस देऊनही आकडा चढत नसेल, तर गाडी बॅटरीला चार्जच करत नाहीये. १५ च्या वर जात असेल तर उलटा आजार, चार्जिंग जास्त होतंय आणि बॅटरी आतून उकळतेय. दोन्हींत नवी बॅटरी टाकणं म्हणजे गळक्या बादलीत पाणी ओतणं.

माझ्या गाडीचा तिसरा आकडा होता १२.९. "एवढ्यावर बॅटरी तग धरते, भरत नाही," काका म्हणाले.

आकडा चुकला तर?

चार्जिंगची वाट अशी: इंजिनातल्या मॅग्नेटशेजारच्या कॉइलमध्ये करंट तयार होतो. तो येतो आरआर युनिटमध्ये (रेग्युलेटर-रेक्टिफायर). तिथे एसीचा डीसी होतो, व्होल्टेज आवरलं जातं आणि मग तो बॅटरीकडे जातो. या वाटेवर कुठेही खड्डा असू शकतो. कॉइल जळलेली, आरआर युनिट गेलेलं, अर्थिंगच्या नटावर गंज, किंवा एखादा कपलर ढिला.

काकांनी आरआर युनिटमधून निघणाऱ्या वायरवर मीटर लावला. १४.२. बॅटरीवर मात्र १२.९. म्हणजे युनिट ठणठणीत, कॉइलही ठणठणीत, आणि १.३ व्होल्ट मध्येच कुठेतरी गायब. सीटखाली हात घालून त्यांनी एक कपलर बाहेर ओढला. पांढरं प्लास्टिक चॉकलेटी होऊन वितळलेलं, आत एक पिन काळी पडलेली. वर्षभरापूर्वी मी फॉग लॅम्प बसवून घेतले होते, तेव्हा तो नीट दाबला गेला नव्हता. उन्हाळा-पावसाळा त्या १२.९ वर कसाबसा निघाला. थंडीत बॅटरीला थोडं जास्त हवं होतं, तेवढंच मिळालं नाही.

नवा कपलर, मजुरी धरून २५० रुपये. बॅटरी रात्रभर चार्जिंगला. दुसऱ्या दिवशी तिसरा आकडा १४.१. आणि मी एक्स्चेंजमध्ये देऊन टाकलेली जुनी बॅटरी? तिच्यात बहुधा काही बिघाड नव्हताच. तेव्हाच हे तिन्ही आकडे घेतले असते तर कळलं असतं.

पहाटे साडेसहाला काय करायचं?

ज्ञान ठीक आहे, पण आत्ता, या क्षणी गाडी सुरू कशी करायची? क्लच पूर्ण दाबा, इंजिनावरचा भार थोडा हलका होतो. सेल्फ एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये दहा-पंधरा सेकंद विश्रांती द्या. किक असेल तर आधी चावी बंद ठेवून दोन-तीनदा हळूच मारा, म्हणजे घट्ट झालेलं ऑइल सुटतं. मग चावी लावून खरी किक.

धक्क्याचं गणित मात्र बदललंय. जुनी कार्ब्युरेटरवाली गाडी सेकंड गिअरमध्ये धक्क्याने सुरू व्हायची. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्या बहुतेक फ्युएल इंजेक्शनच्या. त्यांच्या पेट्रोल पंपालाच करंट लागतो. चावी फिरवल्यावर टाकीतून 'झूंऽऽ' असा आवाज आला तर धक्का मारून बघा. आवाजच नसेल तर वॉचमनकाकांना उगाच दमवू नका. मी दमवलं होतं.

जंप स्टार्टसाठी कारची बॅटरी वापरत असाल तर कारचं इंजिन बंदच ठेवा. प्लस प्लसला, मायनस आपल्या गाडीच्या इंजिनाला किंवा चेसिसला. आणि कारचा चार्जर टू व्हीलरला कधी लावू नका. या छोट्या बॅटऱ्यांना क्षमतेच्या दहावा हिस्सा करंट पुरतो, म्हणजे ५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला अर्धा अँपिअर, आठ-दहा तास. सावकाश.

हिवाळ्यात स्पितीचे प्लॅन करणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. पूर्ण चार्ज बॅटरी कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही, पण उतरलेली बॅटरी उणे दहाच्या आसपासच गोठू शकते. गोठलेल्या बॅटरीला चार्जर लावू नका, ती फुटू शकते. तिकडे रात्री बॅटरी काढून खोलीत ठेवतात ते उगाच नाही.

रविवारची वीस मिनिटं

• तिन्ही आकडे घ्या आणि मोबाइलमध्ये तारखेसकट लिहून ठेवा. पुढच्या महिन्याशी तुलना करता येते.

• टर्मिनलवर पांढरी-हिरवट बुरशी असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, कोरडं करा, घट्ट आवळा, वर थोडं व्हॅसलिन. काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी.

• पाण्याची बॅटरी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर, वरच्या खुणेपर्यंत. बिसलेरी नव्हे, आरओ नव्हे. मेंटेनन्स फ्री बॅटरीचं झाकण उघडू नका.

• सकाळी दहा मिनिटं नुसती गाडी चालू ठेवून बॅटरी चार्ज होत नाही, पेट्रोल जळतं. त्याऐवजी आठवड्यातून एकदा सिंहगड पायथ्यापर्यंत जाऊन या. अर्धा-पाऊण तास सलग, बऱ्या आरपीएमवर.

• गाडी दोन आठवडे उभी राहणार असेल तर मायनसची वायर काढून ठेवा.

• ॲक्सेसरीज बसवून घेतल्यावर तिसरा आकडा पुन्हा घ्या. मेकॅनिकसमोरच.

जाता जाता: पुढच्या आठवड्यात ताईचा मुंबईत पुन्हा एक इंटरव्ह्यू आहे. डेक्कन क्वीननेच. मी कालच आकडे घेतले, १२.७, १०.८ आणि १४.१. तिला अभिमानाने दाखवलेसुद्धा. तिने ते शांतपणे ऐकून घेतले.

आणि रिक्षा बुक केली.